भाड्याचा संसार आणि बिऱ्हाडकरूचा धर्म

॥ रामकृष्णहरि ॥



अलीकडे गावोगाव एक प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो. विचारणारी बहुधा घरातील वडील माणसे असतात. "महाराज, मुलगा पुण्याला असतो. पगार चांगला आहे, सून गुणी आहे. पण घरात पाऊल टाकावे तो पलंग भाड्याचा, कपाट भाड्याचे, फ्रीज भाड्याचा, कपडे धुण्याचे यंत्रसुद्धा भाड्याचे. अभंग ऐकतात तेही महिन्याच्या वर्गणीवर. आपले म्हणावे असे घरात काही नाही. आता याला वैराग्य म्हणावे, की याला करंटेपणा म्हणावे?"

प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. ज्या पिढीने एकेक तांब्या-वाटी पोटाला चिमटा घेऊन जमविली, जिने पितळेच्या पातेल्यावर तारीख घालून यजमानांचे नाव कोरून घेतले, त्या पिढीला हा संसार अधांतरी वाटणारच. आणि ज्या पिढीला दर दोन वर्षांनी गाव बदलावे लागते, तिला ते पातेले म्हणजे ओझेच वाटणार. एक म्हणते, 'आपले काही नको का?' दुसरी म्हणते, 'आपले म्हणून करायचे काय?' दोघांच्याही बोलण्यात काही खरे आहे आणि काही निसटलेले आहे. म्हणून या महिन्यात आपण याच विषयाचा संतांच्या पायाशी बसून थोडा विचार करू.

प्रथम व्यवहार पाहू

परमार्थाचे नाव घेऊन व्यवहाराकडे डोळेझाक करावी, अशी वारकऱ्याची रीत नाही. आमचे संत कुंभार होते, माळी होते, शिंपी होते, सोनार होते. तेव्हा हे लोक भाड्याने वस्तू का घेतात, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. समजून न घेता नाक मुरडणे हा काही उपदेश नव्हे.

भाड्याची वस्तू आपल्याकडे नवी नाही. लग्नकार्याला मंडप भाड्याचा, गाद्या-लोड भाड्याचे, मोठाली पातेली आणि घमेली गावकीची. पुष्कळ गावांत देवळाच्या नाही तर मंडळाच्या खोलीत ही भांडी ठेवलेली असतात. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने नाममात्र आकार भरावा, भांडी न्यावीत आणि घासून परत करावीत. सायकल तासावर मिळत असे. घरी दूरध्वनी आला तरी ते यंत्र टपाल-तार खात्याचे, आपण भाडे भरायचे. शेतीत तर याहून सुंदर रीत होती. ज्याच्याकडे एकच बैल, त्याने दुसऱ्या एकबैलवाल्याशी सावड करावी आणि दोघांनी मिळून औत धरावे. कोणाची नांगरट मागे पडली तर इर्जिक घालून साऱ्या गावाने ती उरकून द्यावी. आज गावोगाव कृषी अवजारांच्या बँका निघाल्या आहेत, ट्रॅक्टर तासावर मिळतो. तेही त्याच सावडीचे नवे रूप. आपल्या दिंडीचेच पाहा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. या वाटेवर दिंडीचे सामान वाहणारा ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या हे पुष्कळदा भाड्याचेच असते. वर्षातून काही दिवस लागणारा ट्रक दिंडीने विकत घ्यावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

मग नवे काय आहे? नवे एवढेच, की पूर्वी कार्यापुरती आणलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत जात असे. आता ती रोजच्या संसारात येऊन बसली. बंगळूर शहरात २०१२ साली फर्लेंको आणि २०१४ साली रेंटोमोजो अशा कंपन्या निघाल्या, त्या पलंग, सोफा, फ्रीज महिन्याच्या भाड्याने घरपोच देऊ लागल्या. पुण्या-मुंबईतही हा व्यवहार रुळला. जेरेमी रिफ्किन नावाच्या अमेरिकन लेखकाने तर २००० सालीच यावर ग्रंथ लिहिला होता. पुढील काळात माणसे वस्तूच्या मालकीपेक्षा तिच्या वापराच्या हक्काला अधिक किंमत देतील, असा त्याचा आशय. तसे घडताना आज आपण पाहतो.

याची कारणे उघड आहेत. पहिले कारण नोकरी. आज पुणे, उद्या हैदराबाद, परवा आणखी कोठे. राहते घर अकरा महिन्यांच्या करारावर. कपाट दुसऱ्या मजल्यावरून उतरवायचे, ट्रकात चढवायचे, पुन्हा चौथ्या मजल्यावर न्यायचे, यात कपाटाचे पाय मोडतात आणि माणसाची कंबर. दुसरे कारण पैसा. नव्या संसारात एकदम लाख-दीड लाख कोठून आणायचे? महिन्याला थोडे थोडे देणे जमते. तिसरे कारण दुरुस्ती. यंत्र बिघडले तर ज्याचे त्याने येऊन नीट करावे, आपल्याला घोर नाही. चौथे कारण जागा. मुंबईतील खोलीत माणसालाच पाय पसरावयास जागा नाही, तेथे वर्षातून एकदा लागणारी शिडी कोठे उभी करायची? पाचवे कारण म्हणजे वस्तूच लवकर म्हातारी होते. आज घेतलेले यंत्र तीन-चार वर्षांत जुने ठरते, मग त्याला मोडीतही कोणी विचारत नाही. आणि आता हातातल्या फोनवर वस्तू शोधता येते, भाडे तेथल्या तेथे भरता येते. त्यामुळे जे काम पूर्वी चार दुकाने हिंडून होत असे ते बसल्या जागी होते.

यात एक चांगली गोष्टही आहे. ज्याला वस्तू विकून मोकळे व्हायचे असते, त्याचे लक्ष विक्रीवर. ज्याला ती परत घेऊन दुसऱ्याला द्यायची असते, त्याचे लक्ष टिकाऊपणावर. एक शिवणयंत्र, एक भोक पाडण्याचे यंत्र दहा घरांनी पाळीपाळीने वापरले तर नऊ यंत्रांचे लोखंड वाचले. भूमातेच्या पोटातून ते ओरबाडावे लागले नाही. हा लाभ लहान नव्हे.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. समजा, तीस हजारांचे कपाट आहे आणि भाडे महिन्याला बाराशे. पंचवीस महिन्यांत कपाटाची किंमत फिटली. जो वर्षभरात गाव सोडणार, त्याला भाडे परवडले. पण जो दहा वर्षे तेथेच राहिला, त्याने एक लाख चव्वेचाळीस हजार भरले आणि शेवटी कपाट परत गेले ते गेलेच! म्हणून मुलाला 'भाड्याने घेऊ नको' असे सरसकट सांगू नये, आणि 'भाड्यानेच घे' असेही सांगू नये. 'बाळ, येथे किती दिवस राहणार, ते आधी ठरव,' एवढे विचारावे. आणि गंमत अशी, की परमार्थातला पहिला प्रश्नही हाच आहे!

कोणी म्हणेल, यापेक्षा हप्त्याने विकत घेतलेले बरे, निदान वस्तू आपली तरी होते. होय, होते, पण केव्हा? शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा. तोवर ती वस्तू नावाला आपली आणि जीव सावकाराच्या हाती. भाड्याची वस्तू नको झाली तर परत करता येते, कर्ज मात्र परत देता येत नाही. ते फेडावेच लागते. दारात गाडी उभी आहे आणि तिच्या हप्त्यासाठी रात्रीची झोप उडाली आहे, अशी घरे आपण पाहतो. तेथे गाडीचा मालक माणूस, की माणसाची मालक गाडी, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

माउलींचा बिऱ्हाडकरू

आता शास्त्राकडे वळू. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत 'असक्ती' हे एक लक्षण. या एका शब्दावर माउलींनी ज्ञानेश्वरीत जे दृष्टांत दिले, ते आजच्या प्रश्नासाठीच दिले आहेत की काय, असे वाटते. माउली म्हणतात त्याचा भाव असा, की वाटसरू जसा मुक्कामाच्या जागी उतरलेला असतो, तसा ज्ञानी पुरुष आपल्या देहात उतरलेला असतो. आणि वाटेने चालताना झाडाची सावली लाभली तर तिच्यावर जेवढा जीव जडतो, तेवढाही त्याचा घरावर जडत नाही. त्या मुक्कामाला माउलींनी 'बिढार' हा शब्द योजला आहे. तोच आजचा आपला 'बिऱ्हाड' हा शब्द. भाड्याने राहणाऱ्याला आपण 'बिऱ्हाडकरू' म्हणतो. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हापासून हा बिऱ्हाडकरू आपल्या भाषेत ज्ञानी पुरुषाचे चित्र होऊन बसला आहे.

वाटसरू मुक्कामाला उतरतो तेव्हा काय करतो? जागा झाडून घेतो. चूल मांडतो. रात्रीपुरता निवारा घेतो. सकाळी चूल विझवितो, जागा होती तशी करतो आणि निघतो. त्या खोलीचे छत गळते म्हणून तो रडत बसत नाही, आणि खोली चांगली आहे म्हणून तिच्या दाराला आपले कुलूपही लावीत नाही. सावलीचे तसेच. उन्हातून आलेला माणूस सावलीत बसतो, सुखावतो, झाडाला मनात हात जोडतो. पण सावली वळकटीत गुंडाळून बरोबर नेऊ म्हणत नाही. वापर आहे, सुख आहे, उपकाराची जाणीव आहे. 'माझे' एवढे मात्र नाही. असक्ती म्हणतात ती हीच.

दुसरा दृष्टांत भागवतातला. एकादश स्कंधाच्या सातव्या ते नवव्या अध्यायांत यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. नाथबाबांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतात हा प्रसंग मोठ्या प्रेमाने वाढविला आहे. त्या चोवीस गुरूंत एक गुरू साप. सापापासून काय घ्यायचे? तर हे, की साप स्वतः घर बांधीत नाही, दुसऱ्याने केलेल्या घरात राहतो आणि सुखी असतो. घर उभारण्याच्या खटाटोपात आयुष्य घालवू नये, असा त्यातला बोध.

आता येथे चतुर श्रोता आम्हाला अडवील. तो म्हणेल, "महाराज, तुमचा अवधूत सापाला गुरू म्हणतो, पण आमच्या घरात तर म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा! ती काही स्तुती नव्हे. मुंग्यांनी मरमर मरून वारूळ उभारावे आणि नागोबाने त्यात ऐटीत बसावे, याला आम्ही फुकटखाऊ म्हणतो. मग खरे कोणते? भागवत, की म्हण?"

मायबाप, दोन्ही खरी आहेत. नीट पाहा. म्हणीतला नागोबा बिळात शिरतो आणि फणा काढून बसतो. हे बीळ माझे, म्हणून फुत्कार टाकतो. ज्या मुंग्यांनी ते केले त्यांची त्याला आठवणही नाही. अवधूताचा साप बिळात राहतो. पण बिळावर हक्क सांगत नाही. आज आहे, उद्या नाही. घर दोघांचेही परक्याचेच. फरक घरात नाही, फरक फण्यात आहे.

या आजच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. वस्तू भाड्याची की विकतची, यावरून वैराग्य ठरत नाही. फणा आहे की नाही, यावरून ठरते.

मालकी सुटली, ममता सुटली का?

मालकी आणि ममता या दोन निराळ्या आहेत. मालकी कागदावर असते, ममता काळजावर असते. कागद बदलणे सोपे आहे.

एका घरी सोफा भाड्याचा आहे. वर्ष झाले की तो परत जातो आणि नवा, अधिक ऐटबाज येतो. पुढल्या वर्षी आणखी ऐटबाज. जो गृहस्थ विकत घेता तर एकच साधा सोफा घेऊन वीस वर्षे वापरता, तो आता दर वर्षी नव्याची वाट पाहतो. त्याने संग्रह सोडला खरा. पण भोग वाढविला. एका लग्नात नवरदेवाचा शेरवानी भाड्याचा, नवरीचे दागिने भाड्याचे, दारातली मोटार भाड्याची. काटकसर म्हणून केले असेल तर उत्तम. पण पाहुण्यांनी ते सारे आपलेच समजावे म्हणून केले असेल, तर तो फणा झाला, आणि तोही भाड्याचा! याउलट एखाद्या म्हातारीच्या फडताळात तिच्या नावाची वीस पितळी भांडी आहेत. गावात कोणाचे बारसे असो, बारावे असो, ती कुलूप काढते आणि भांडी देऊन टाकते. परत आली तर ठीक, एखादे कमी आले तरी तिच्या तोंडून शब्द नाही. मालकी कागदोपत्री तिची. पण ती तेथे बिऱ्हाडकरू होऊन राहिली आहे. आता या दोघांत वैरागी कोण?

तुकोबारायांचे चरित्र आठवा. १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळाने त्यांचा संसार होरपळून काढला. घरात पिढीजात सावकारी. लोकांच्या कर्जाचे कागद घरात होते. परंपरा सांगते, की तुकोबांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडविले आणि धाकट्या भावाच्या वाट्याचे त्याला दिले. यातला बारकावा ध्यानात घ्या. भावाचे कागद त्यांनी बुडविले नाहीत! आपली मालकी सोडणे हे वैराग्य. दुसऱ्याची मालकी आपल्या लहरीने उडविणे हे वैराग्य नव्हे. त्यांनी जे सोडले ते काही लाकडाचे कपाट नव्हते. दुसऱ्याच्या गळ्यावर ठेवलेला आपला हात त्यांनी काढून घेतला. ममता सुटणे ते असे असते.

परक्या वस्तूची राखण

आता बिऱ्हाडकरूच्या धर्माकडे येऊ. २०१७ च्या अखेरीस पुण्यात रस्त्यारस्त्यावर भाड्याच्या नव्या सायकली उभ्या राहिल्या. फोन दाखवावा, कुलूप उघडावे, सायकल न्यावी, काम झाले की ठेवावी. योजना किती चांगली! परंतु थोड्याच काळात कोणाची घंटी गेली, कोणाचे आसन गेले, कोणती सायकल नाल्यात सापडली. आणि काही वर्षांत ती योजना ओसरली. चीनच्या शहरांत तर अशा टाकून दिलेल्या सायकलींचे मैदानेच्या मैदाने भरून ढीग लागले, ते छायाचित्रांतून साऱ्या जगाने पाहिले. असे का व्हावे? 'माझी नाही' या एका विचाराचे दोन अर्थ होतात म्हणून. संत म्हणतो, माझी नाही, म्हणून जपून वापरतो. संसारी म्हणतो, माझी नाही, म्हणून मोडली तरी बेहत्तर! शब्द तेच, एक वाट पंढरीला जाते, दुसरी नाल्याला.

म्हणून भाड्याची वस्तू वापरणाऱ्या मुलाला आईबापांनी एवढेच विचारावे, 'ही वस्तू तुझ्या हातून परत जाईल तेव्हा ती पुढच्या माणसाच्या उपयोगी राहील ना?' गावकीचे पातेले घासून परत करण्यात जो धर्म होता, तोच भाड्याचा पलंग स्वच्छ परत करण्यात आहे. आपल्या मागून तो दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराचा पलंग होणार आहे.

जो वस्तू भाड्याने देतो त्यालाही धर्म आहे. भाडे रास्त असावे, आणि अनामत रक्कम बुडविण्यासाठी खोटे ओरखडे शोधू नयेत. एकादशीला पंढरपुरात खोलीचे भाडे किती घ्यावे, हे खोलीवाल्याने विठोबाकडे तोंड करून ठरवावे. आणि भाड्याच्याही वरची एक पायरी आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशी केंद्रे चालतात, जेथे रुग्णाची खाट, चाकाची खुर्ची, कुबड्या केवळ अनामत घेऊन अथवा अगदी अल्प आकारात देतात. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत प्राणवायूची यंत्रे अशीच एका घरातून दुसऱ्या घरात गेली. एका घरातला माणूस बरा झाला, की यंत्र लगेच दुसऱ्या उशाशी. तेथे मालक कोण, हे विचारावयास कोणाला सवड नव्हती. वस्तूचा खरा धर्म गरजेच्या ठिकाणी असणे हाच, हे त्या दिवसांत सर्वांना दिसले.

पण सगळेच भाड्याचे नसावे

येथे आम्हाला एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. भाड्याचे गुण ऐकून दारिद्र्याची स्तुती करावी, असा याचा अर्थ नाही. शहरात शिफ्टवर रिक्षा चालविणारा असतो. रिक्षा दुसऱ्याची, दिवस उगवला की मालकाचे भाडे आधी, मग आपल्या पोराबाळांची भाकर. हातगाडी रोजाने घेऊन भाजी विकणारा असतो. पाऊस आला, गिऱ्हाईक फिरकले नाही, तरी गाडीचे भाडे चुकत नाही. त्याला जाऊन 'अवधूताचा साप बघ' असे सांगणे म्हणजे पोट भरलेल्याने उपाशाला एकादशीचे माहात्म्य सांगणे. अशा माणसाची हातगाडी त्याच्या नावाची व्हावी म्हणून चार जणांनी हात लावावा, हाच तेथे परमार्थ.

आमच्या संतांचेच पाहा. गोरोबाकाकांचे चाक होते, सावतोबांचा अरणचा मळा होता, सेना महाराजांची धोकटी होती. संसारात उदास असलेले हे पुरुष आपापल्या कामाच्या साधनाला मात्र बळकट धरून होते. यातून गृहस्थाला एक साधा नियम काढता येतो. ज्या वस्तूवर पोट आहे, ती होता होईल तो आपली असावी. ज्या वस्तूवर नुसती सोय आहे, ती भाड्याची चालेल. आणि ज्या वस्तूवर नुसता थाट आहे, ती भाड्यानेही नसली तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आहे, जी तर भाड्याने ठेवूच नये. पूर्वी घरात अभंगांच्या तबकड्या, कॅसेट असत. आता महिन्याची वर्गणी भरावी आणि वाटेल तो अभंग ऐकावा. सोय मोठी आहे, ऐकावेत. पण वर्गणी थांबली की अभंग थांबला. २००९ साली अमेरिकेत असे घडले, की ॲमेझॉन कंपनीने लोकांनी पैसे देऊन घेतलेले जॉर्ज ऑर्वेल या लेखकाचे ग्रंथ त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतले. हक्काच्या तंट्यामुळे तसे केले. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली. पण वाचक रात्री निजला तेव्हा ग्रंथ होता आणि उठला तेव्हा नव्हता! लोकांना तेव्हा कळले, की आपण विकत घेतले असे ज्याला समजत होतो तेही बिऱ्हाडच होते.

तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या. आता कल्पना करा, त्या वेळी देहूच्या आसपासच्या बायाबापड्यांच्या ओठांवर काय होते? जाते ओढताना, मोट हाकताना जे अभंग म्हटले जात होते, ते बुडविणार कोण? कागद नदीत टाकता येतो, कंठ टाकता येत नाही. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे. पलंग भाड्याचा असो, फ्रीज भाड्याचा असो, पण हरिपाठ मात्र पाठ असू द्या. पाठ केलेला अभंग हीच एक अशी मालमत्ता आहे, जिला भाडे नाही, हप्ता नाही, जी गाव बदलताना ट्रकात चढवावी लागत नाही आणि जिची मुदत संपली असे कोणी कळवीत नाही. ज्या मुलाच्या घरात आपले म्हणावे असे काही नाही म्हणून आई कष्टी होते, तिने जाताना त्या घरात चार अभंग ठेवून यावेत. नातवाच्या जिभेवर ठेवावेत. घर भरलेले दिसेल.

मालक कोण?

शेवटी मूळ गोष्टीवर येऊ. संत गाडगेबाबांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या केल्या. हजारो वाटसरूंना निवारा दिला. स्वतःपाशी काय? एक गाडगे आणि एक खराटा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करून टाकली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले, तेव्हा मागे एवढ्या इमारती आणि स्वतःच्या नावाची एक वीट नाही! त्यांनी बांधले, पण त्यात फणा काढून बसले नाहीत. मुंगीचे कष्ट आणि अवधूताच्या सापाची उदासीनता दोन्ही एका ठिकाणी पाहायची असतील तर बाबांकडे पाहावे.

आणि मायबाप, ज्या देहात बसून आपण 'हे माझे, हे भाड्याचे' असा वाद घालतो, तो देह तरी कोणाचा? करार आहे, पण मुदत आपल्याला दाखविलेली नाही. मालक अधूनमधून सूचना पाठवितो. केस पांढरे होतात, दात हलतात, गुडघे बोलू लागतात. आपण सूचनेला कलप लावतो, नवे दात बसवितो. तीही दुरुस्ती करावी, बिऱ्हाड नीट राखणे हा बिऱ्हाडकरूचा धर्मच आहे. पण जागा सोडायचीच नाही, असा हट्ट धरू नये. 'भाड्याचे घर आणि खाली कर' ही म्हण आपण शेजाऱ्याला ऐकवितो. ती आपल्यालाही लागू आहे. मात्र हा मालक इतका उदार, की पैशात भाडे मागत नाही. त्याचे नाव घ्यावे आणि त्याने दिलेल्या हातापायांनी त्याच्याच लेकरांच्या उपयोगी पडावे, एवढेच भाडे. तेही आपण थकवितो, आणि तरी तो दारात कुलूप घेऊन उभा राहत नाही. कटीवर हात ठेवून विटेवर वाट पाहत राहतो.

तेव्हा घरातील वडिलांनी तरुणांच्या भाड्याच्या सामानाकडे पाहून मन खट्टू करून घेऊ नये, आणि तरुणांनी वडिलांच्या पितळी भांड्यांना अडगळ म्हणू नये. दोघांनी मिळून एवढे करावे. कोणतीही वस्तू घरी आणण्यापूर्वी, विकत असो की भाड्याने, तिची खरोखर गरज आहे का ते एक रात्र थांबून पाहावे. आणली तर परक्याची ठेव समजून जपावी. आपल्याकडे असलेली, पण वर्षातून एकदाच लागणारी वस्तू शेजाऱ्याला मागण्याआधी देऊ करावी. आणि जायची वेळ येईल तेव्हा, वस्तूची असो वा आपली, हसत हातातून सोडावी. जो हे करील त्याचा भाड्याचा संसारही परमार्थाचा होईल, आणि मालकीचाही.

यंदा दिंडीत मुक्काम हलवाल तेव्हा एक करा. पहाटे राहुटी उतरली, चुली विझल्या, की ज्या शेतकऱ्याच्या रानात रात्र काढली ते रान क्षणभर मागे वळून पाहा. कागद गेला, पत्रावळ गेली, जागा जशी होती तशी झाली, की मगच टाळाला हात घाला. ते रान आपले नव्हते, त्याचे भाडेही आपण दिले नव्हते. तरी तेथे निवांत झोप लागली होती. असेच या जगात राहावे आणि असेच पुढल्या मुक्कामाला निघावे.

॥ रामकृष्णहरि ॥